दाजींची शिकारीची बॅग

दाजींचं उट्टं काढायचं हे मी ज्या दिवशी नक्की केलं, त्या दिवशी मला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती. आई मागं बसून माझे केस विंचरत होती आणि मी समोरच्या आरशात माझा उजवा हात बघत होते. मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा.

"जाऊंदे गं," आई म्हणाली. "घरचंच माणूस हाय."

घरचं माणूस म्हणूनच सोडायचं नाही, असं मी मनात म्हटलं. बाहेरच्यानं केलं असतं तर मी विसरले असते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आमचं माहेर बेळगावातलं वडगाव, घरात माग, आप्पा आयुष्यभर साड्या विणत आलेले. आक्काला शेजारीच शहापुरात दिली. मी शिकले, निपाणीच्या एका हायस्कुलात गणिताची बाई म्हणून लागले आणि तिथंच घर करून राहिले. लग्न केलं नाही. दाजींच्या लेखी हा माझा पहिला गुन्हा होता. कुठल्याही कार्यात पंगतीला बसलं की ते मला "मास्तरीणबाई" म्हणून हाक मारायचे आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलायचे.

दाजींचं बेळगावच्या बाहेर मच्छे गावात मशीनचे सुटे भाग बनवायचं वर्कशॉप आहे. त्यांचे वडील एके काळी बंदूक घेऊन खानापूरच्या रानात जायचे. पुढं बंदी आली, बंदूक जमा झाली, पण घरातल्या भिंतीवरची शिंगं आणि स्वतःला शिकारी म्हणवून घ्यायची हौस दाजींकडं आली. त्यांनी मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेतला, सहा-सात मित्र जमवले आणि दर हिवाळ्यात वनखात्याची परवानगी काढून ते रानात जायला लागले. तीन-चार दिवस चालायचं, वाडीवरच्या शाळेत मुक्काम करायचा, जनावरांचे फोटो काढायचे. याला ते शिकारच म्हणायचे. "औंदा शिकारीला कधी?" असं एकमेकांना विचारायचे.

मला रान आवडतं. एका दिवाळीत मी सरळ विचारलं, "दाजी, मी येऊ काय?"

ते आक्काकडं बघून हसले. "येऊंदे की. भात कोण शिजवणार मग?"

बॅग त्यांनीच दिली. त्यांची जुनी होती, उंचापुऱ्या पुरुषासाठी केलेली. मी बुटकी. पाठीवर घातली तर बॅगेचं डोकं माझ्या डोक्याच्या वर गेलं आणि कमरेला बांधायचा पट्टा मांड्यांवर लोंबायला लागला. मी म्हटलं, "ही मला बसत न्हाय वाटतंय."

"बॅग बॅग असती," दाजी म्हणाले. "शाळेतली पोरं दप्तर घेऊन जात न्हाईत काय? त्यास्नी कोण माप घेतंय?"

मग त्यात माझ्या कपड्यांवर सगळ्यांचे तांदूळ आले, डाळ आली, ॲल्युमिनियमचं पातेलं आलं आणि वरती दाजींचा ट्रायपॉड बांधला गेला. त्यांच्या स्वतःच्या पाठीवर कॅमेऱ्याची बॅग होती तेवढीच.

बेळगावातून पॅसेंजरनं गुंजीला उतरलो आणि चालायला लागलो. पहिल्या दिवशी खांदे नुसते पेटले होते. मला वाटलं, सवय नाही म्हणून होत असेल. दुसऱ्या दिवशी बोटांत मुंग्या यायला लागल्या. दुपारपर्यंत उजवा हात जड झाला. मी थांबून सांगितलं, "दाजी, हात बधिर झालाय."

"खडू धरून धरून नाजूक झालाय," ते मागं न बघता म्हणाले. सगळे हसले. मी पण थोडं हसले, हे मला आजही खटकतं.

तासाभरानं आम्ही ओढ्याकडं उतरत होतो. उतार सरळ खाली होता. वनखात्याचा वॉचर पुढं होता. त्यानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. खाली पाण्यावर रानकुत्री आली होती, तांबूस पाठीची, अख्खा कळप. दाजी गुडघ्यावर बसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. मी त्यांच्या मागं होते. पाय सरकला म्हणून मी एक मूळ धरायला हात घातला. हात मुळापर्यंत गेला, पण बोटं मिटलीच नाहीत. मला ते स्पष्ट दिसत होतं. मूळ तळव्यात आहे आणि बोटं मिटत नाहीत. बॅगेनं मला मागं ओढलं आणि मी पातेल्यासकट घसरत खाली गेले. त्या आवाजानं ओढ्यावर काही उरलं नाही.

दाजी माझ्याकडं आले. मला वाटलं, हात देतील. त्यांनी आधी ट्रायपॉड तपासला. मग चार पावलं मागं जाऊन माझा फोटो काढला. मी पाचोळ्यात बसलेली, गुडघे सोललेले, बॅग डोक्यावर चढलेली.

परत येताना गुंजीला मोबाईलला रेंज आली तशी त्यांनी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं : "औंदाची शिकार, एक मेव्हणी." त्याच्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. काका, मावश्या, आतेभाऊ. त्या रांगेत एक तोंड आक्काचं होतं.

बेळगावच्या डॉक्टरनं हात वर-खाली करून बघितला, मानेजवळ दाबून बघितलं आणि विचारलं, "ओझं नेलं होतं काय?" मी बॅगेचं सांगितलं. खांद्याच्या पट्ट्यानं मज्जातंतू दाबला गेलाय, असं ते म्हणाले. ओझं कमरेच्या हाडांवर बसवायचं असतं, खांद्यांनी नुसतं सांभाळायचं असतं. मग म्हणाले, "ही बॅग तुम्हाला दिली कुणी?" मी सांगितलं नाही. तोंडात नाव आलं असतं तर पुढं काय आलं असतं सांगता येत नाही.

हात परत यायला कितीतरी महिने लागले. शाळेत मी डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकले. माझी समीकरणं वर्गातून मुंग्यांची रांग गेल्यासारखी दिसायची. आणि तेवढ्या काळात दाजींनी त्या प्रसंगाची गोष्ट करून टाकली. मी म्हणे दमले होते, मला परत फिरायचं होतं, म्हणून मी हाताचं सोंग केलं आणि मुद्दाम पातेलं वाजवलं. माझ्यामुळं रानकुत्र्यांचा फोटो गेला. हे त्यांनी चुलतभावाच्या लग्नात सांगितलं, एका वास्तुशांतीला सांगितलं, कुणाच्या तरी बारशालाही सांगितलं. प्रत्येक वेळी त्यात नवीन काहीतरी भर पडायची. बारशाच्या दिवशी तर रानकुत्र्यांच्या जागी वाघ आला होता. मी समोरच्या पंगतीत डाव्या हातानं चमचा धरून बसले होते.

मी भांडले नाही. भांडले असते तर ते आणखी हसले असते. मी ठरवलं की पुढच्या हिवाळ्यात मी परत जायचं, त्याच वाटेनं, त्यांच्याच बरोबर. आणि या खेपेला पडणारी मी नसेन.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे बॅग.

हात थोडा चालायला लागल्यावर मी बेळगावच्या कॅम्पात एका दुकानात गेले. जाताना पिशवीतून ज्वारीच्या पिठाच्या पुड्या नेल्या. दुकानदारानं एक बॅग काढून दिली तशी मी त्या पुड्या तिच्यात भरायला लागले.

"हे काय करालाय बाई?" तो म्हणाला.

"रिकामी बॅग सगळ्यांनाच बसती," मी म्हटलं. "भरलेली बसायला पायजे."

त्यानं कपाळाला हात लावला, पण मला थांबवलं नाही. त्या दुकानातल्या सगळ्या बॅगा मी पाठीवर घातल्या आणि त्यातली एकही घेतली नाही. मग कोल्हापूरला गेले. तिथं दोन दुकानं झाली. एका ठिकाणच्या पोरीला थोडी माहिती होती. तिनं मला मान खाली घालायला लावली, मानेच्या बुडाशी जे हाड वर येतं तिथं टेपचं टोक ठेवलं, मग माझे दोन्ही हात कमरेवर ठेवायला लावून अंगठे पाठीमागं जिथं येतात तिथपर्यंत माप घेतलं. "हीच तुमची पाठ," ती म्हणाली. "उंची किती आहे त्याच्याशी बॅगेला काही देणंघेणं नसतं." लांब पायांच्या माणसाची पाठ आखूड असू शकते आणि बुटक्याची लांब, असंही तिनं सांगितलं. माझी आखूडच निघाली.

तेव्हापासून मी माणसांच्या पाठी बघायला लागले. एसटीच्या रांगेत, बाजारात, शाळेच्या प्रार्थनेला. कुणाचं ओझं कुठं बसलंय हे मला लांबूनच कळायला लागलं. ज्याचं खांद्यावर आहे तो पुढं वाकतो, मान कासवासारखी बाहेर काढतो आणि मधेमधे अंगठे पट्ट्याखाली घालून तो उचलून धरतो. ज्याचं कमरेवर आहे तो सरळ चालतो, त्याचे हात मोकळे हलतात.

शेवटी पुण्याला एका प्रशिक्षणाला गेले होते, तिथं मला माझी बॅग मिळाली. बायकांच्या अंगाला बेतलेली, पट्टे जरा आतल्या बाजूला वळलेले. पीठ या खेपेला तिथंच किराणा दुकानातून घेतलं. आधी सगळे पट्टे ढिले केले. कमरपट्टा कमरेच्या हाडाच्या कडेवर बरोबर मध्यभागी येईल असा ठेवून आवळला. मग खांद्याचे पट्टे ओढले, ते खांद्याला चिकटून मागं उतरले, मध्ये बोट जाईल एवढीसुद्धा फट राहिली नाही. मग खांद्यावरून बॅगेच्या माथ्याकडं जाणारे बारके पट्टे थोडे ओढले आणि भार पाठीला येऊन टेकला. शेवटी छातीवरचं बकल. दुकानाच्या जिन्यावरून मी वर-खाली केलं. खांद्यांवर नुसता हात ठेवल्यासारखं वाटत होतं. मला तिथंच हसू फुटलं. दुकानातल्यांना वाटलं असेल, बाईला बॅग आवडली. माझ्या डोळ्यांपुढं दाजी होते.

रविवारी निपाणीतून मी तवंदीच्या घाटाला जायला लागले. बॅगेत धान्य आणि पाण्याच्या बाटल्या भरून डोंगर चढायचे, उतरायचे, परत चढायचे. हायवेच्या कडेनं चालताना संकेश्वरकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर थांबायचे. "बाई, गाडी चुकली काय?" एकानं विचारलं. मी म्हटलं, "न्हाय, बरोबर चाललीया." चढाला दम लागला की मी त्या फोटोखालची हसणारी तोंडं आठवायचे. ती एवढी कामाला आली की काय सांगू. दाजींचं आलं की पाय उचलायचा, आक्काचं आलं की दुसरा उचलायचा.

दिवाळीला मी आक्काच्या घरी गेले तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं, "दाजी, औंदा मी येणार हाय. बॅग माझी मी घेतलीया."

"या की," दाजी म्हणाले. "ॲम्ब्युलन्स सांगून ठिवू काय?" मग उठून आत गेले आणि स्वतःची नवी बॅग घेऊन आले. "ही बघ. हिला बॅग म्हणत्यात."

बॅग खरंच देखणी होती. पाचोळ्याच्या रंगाची, आत धातूची फ्रेम, बाहेर पट्ट्यांवर पट्टे. परदेशातल्या त्यांच्या एका मित्रानं पाठवली होती. "फॉरेनचे शिकारी वापरत्यात," ते म्हणाले. "हरणाचं आख्खं मांस ह्या फ्रेमवर बांधून डोंगर उतरत्यात. तुमच्या त्या बायकी बॅगेत काय मावतंय?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. ती करंज्या तळत होती.

डिसेंबरात गुंजीच्या प्लॅटफॉर्मवर दाजींनी ती बॅग पहिल्यांदा भरलेली पाठीवर घातली. या खेपेला मी आधीच सांगितलं होतं की मी माझं ओझं आणि भांड्यांतला माझा वाटा तेवढाच घेणार. त्यामुळं ट्रायपॉड, मोठी लेन्स, फोटोसाठी लपून बसायचा तंबू, सगळं त्यांच्या फ्रेमवर होतं. त्यांनी पट्टे आवळले आणि सगळ्यांकडं बघून छाती पुढं काढली.

मला एका नजरेत दिसलं. दाजी उंच आहेत, पण ती उंची सगळी पायांत आहे. पाठ आखूड. बॅग केलेली लांब पाठीच्या माणसासाठी. कमरपट्टा हाडाच्या खाली कुल्ल्यांवर उतरला होता आणि तिथं तो काहीच उचलत नव्हता. खांद्याचे पट्टे मागं हवेत उभे होते. सगळं ओझं दोन खांद्यांच्या पुढच्या कडेवर टांगलेलं होतं, बरोबर तिथं, जिथं माझं होतं.

आणि ते दुरुस्त करता येत होतं. अशा बॅगेत पाठीच्या गादीमागं खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवायची सोय असते. मी दुकानात तसल्या बॅगा उघडून बघितल्या होत्या. गादी उचलायची, पट्टे खाली ओढायचे, परत दाबून बसवायची. चहा उकळेपर्यंत झालं असतं. दाजींनी ती कधी उघडलीच नव्हती. फॉरेनची बॅग, तिला काय बघायचं.

मी माझं बकल लावलं आणि म्हटलं, "चला की दाजी, उशीर कशाला?"

मी मुद्दाम त्यांच्या मागं चालले. पहिला तास ते बोलत होते. मग बोलणं कमी झालं. मग ते पुढं वाकायला लागले. दुपारी त्यांचे अंगठे पट्ट्याखाली गेले. मला ती खूण कळली. आजूबाजूला रान होतं, शेकरू झाडावरून उड्या मारत होतं, बाकीचे त्याचे फोटो काढत होते. मी दाजींचे अंगठे बघत होते.

वॉचर तोच होता. चढावर तो थांबला, दाजींकडं बघून कानडीत म्हणाला, "साहेब्र, भाळ भार ऐत्री," म्हणजे ओझं फार आहे, आणि थोडं सामान मला द्या, अशी हातानं खूण केली.

"काय न्हाय, काय न्हाय," दाजी म्हणाले. "सवय हाय."

मग वॉचरनं माझ्याकडं बघितलं. त्याला मागच्या वर्षीची मी आठवत होते. मी नजर दुसरीकडं वळवली.

मुक्काम वाडीवरच्या शाळेत होता. संध्याकाळी दाजी भिंतीला टेकून बसले, खांदे चोळत. मी भात शिजवला नाही. त्यांच्याच एका मित्राला पातेलं दिलं आणि पाय पसरून बसले. मला काही दुखत नव्हतं.

सकाळी व्हरांड्यात चहा झाला. दाजींनी स्टीलचा पेला उजव्या हातात घेतला, तोंडाकडं नेला आणि तो मध्येच त्यांच्या बोटांतून निसटला. चहा पायांवर सांडला.

"लई गरम हुता," दाजी म्हणाले.

चहा गरम नव्हता, आम्ही सगळेच तो पीत होतो. त्यांनी कॅमेरा उचलायला हात घातला, तो खांद्याच्या वर येईना. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात धरून बघितला. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पाठ होतं. मी ते आरशात बघितलं होतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मुंग्या येत्यात?"

"थोड्या."

"कालपासनं?"

"दुपारपासनं." मग दाराकडं बघत म्हणाले, "जाईल. चालायला लागलं की जाईल."

"जात न्हाय. माझ्या न्हाय गेल्या."

बाकीचे आमच्याकडं बघत होते. मी म्हटलं, "दाजी, मी मागच्या साली सोंग केलतं काय?"

"आता तो विषय कशाला?"

"आताच तो विषय. तुमची बॅग का बसत न्हाय ते मला कळतंय. ती दुरुस्त करता येती आणि ती मी करू शकते. तुमचं सामानबी मी घीन. पण आधी सांगा, मी सोंग केलतं काय?"

ते ताडकन उठले. "काय गरज न्हाय कुणाची. चला रं." त्यांनी बॅग उचलली, डावा हात एका पट्ट्यात घातला आणि उजवा दुसऱ्या पट्ट्यात घालायला गेले. हात मागं जाईना. त्यांनी दोनदा झटका दिला. बॅग डाव्या खांद्यावरून फिरली आणि ते तिच्यासकट भिंतीवर आदळले. कुणी हसलं नाही. एक मित्र पुढं झाला तर मी त्याला म्हटलं, "थांबा." तो थांबला.

दाजी व्हरांड्याच्या कडेवर बसले. कुणीतरी चूल विझवली. मग ते जमिनीकडं बघत पुटपुटले, "न्हाय केलतंस."

"ऐकू आलं न्हाय."

"सोंग केलं न्हवतंस म्हटलं की!"

मी मोबाईल काढला. "ह्याच्यात सांगा. घरच्यांसाठी."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी घाबरले असते. मग त्यांनी मित्रांकडं बघितलं. मित्र आपापल्या बॅगा बांधण्यात गुंतले होते. आणि दाजी बोलले. मेव्हणीचा हात खरंच गेला होता. बॅग तिला बसत नव्हती आणि ती त्यांनीच दिली होती. तिनं सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. मग मी काही विचारलेलं नसताना, "चुकलं माझं," असं म्हणाले. मी परत एकदा सांगायला लावलं, कारण पहिल्या वेळी कोंबडा आरवला आणि "चुकलं" ऐकू येत नव्हतं.

मग मी त्यांच्या बॅगेची गादी उघडली, पट्टे खाली घेतले, त्यांना उभं करून कमरपट्टा हाडावर बसवला. "आता?" मी विचारलं.

त्यांचे खांदे खाली आले. एवढी वर्षं मी त्या माणसाला ओळखते, माझ्या हातून त्यांना बरं वाटलं असं ते पहिल्यांदाच घडलं. मला ते आवडलं नाही.

त्यांच्या हाताला भार चालणारच नव्हता. म्हणून ट्रायपॉड, लेन्स, तंबू, सगळं मी माझ्या बॅगेवर बांधलं आणि त्यांना रिकामी फ्रेम घालून चालायला लावलं. आम्ही तिथूनच माघारी फिरलो आणि गुंजीपर्यंत मी सगळ्यांच्या पुढं होते. ओझं खूप होतं, कमरेची हाडं दुखत होती, पण मी एकदाही बसले नाही. मागून दाजींच्या रिकाम्या बॅगेची बकलं खुळखुळत होती.

रेंज आली तशी मी तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. हसणारी तोंडं लागली रांगेनं. तेच काका, त्याच मावश्या. आक्काचं काही आलं नाही.

ती स्वतःच आली. चार-पाच दिवसांनी, बेळगावातून एसटीनं निपाणीला, एकटीच. माझ्या घरी ती पूर्वी कधी एकटी आली नव्हती. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"तुला म्हाईत हुतं, त्यास्नी बॅग बसत न्हाय ते?"

"व्हय. गुंजीच्या प्लॅटफॉर्मवरच."

"आणि बोलली न्हाईस."

"न्हाय बोलले."

"हात गेला असता तर त्यांचा?"

"माझा गेलता, आक्का. तवा तू हसलीस."

ती खुर्चीवर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं आता रडेल, आणि मी तयार होते, रडली तरी काही बोलायचं नाही म्हणून.

"मला त्या घरात ऱ्हायचं असतंय," ती शेवटी म्हणाली. "ते हसले की मी हसते. न हसून बघितलंय मी. दोन-दोन दिवस ताटाला हात लावत न्हाईत, पोरांशी बोलत न्हाईत. तू निपाणीत एकटी हाईस म्हणून तुला राग धरता येतो. मी कुठं धरू?"

हे मला ठाऊक नव्हतं. की ठाऊक असून मी तिकडं बघितलं नव्हतं, कोण जाणे. मी तिला परत पाणी दिलं, ते तिनं घेतलं. त्या दिवशी ती माझ्याकडंच राहिली. जाताना दारात म्हणाली, "तो व्हिडिओ मी ठिवलाय." एवढंच. हसली की नाही ते मला दिसलं नाही, ती पाठमोरी होती.

दाजींचा हात माझ्यापेक्षा खूप लवकर बरा झाला. ही गोष्ट मला अजून पटत नाही. ती बॅग त्यांनी वर्कशॉपमधल्या कुणाला तरी देऊन टाकली. माझी गोष्ट सांगणं मात्र बंद झालं. मागं एका साखरपुड्यात कुणीतरी मुद्दाम विचारलं, "दाजी, ते रानकुत्र्यांचं सांगा की," तर ते टाकीत पाणी आहे का बघायला गेले आणि जेवणं होईपर्यंत आले नाहीत.

ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत. दिवाळीत मी शहापुराला गेले की मी समोर बसलेली असताना आक्काला सांगतात, "तिला म्हणावं, चिवडा घे." आक्का आत असते, कढईपाशी. डबा त्यांच्या हातात असतो. मी वाटी पुढं करते आणि तशीच धरून ठेवते. आक्का लवकर बाहेर येत नाही. आता तर मला वाटतं, ती मुद्दामच येत नाही. शेवटी दाजींना वाटी भरावी लागते. मी दुसऱ्यांदा मागते.